दूध, कांदा, लाईट आणि उपासना: मळ्यातल्या ख्रिस्ती बाईने देवाची वेळ कशी सांभाळायची

शहरातनं लग्न होऊन मळ्यात आलेल्या आपल्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) मुली सगळ्यात आधी हेच विचारतात की ताई प्रार्थनेला वेळच मिळत नाही, माहेरी सकाळी शांत बसून पवित्र शास्त्र वाचायचो आणि इथं डोळा उघडला की गोठा, गोठा झाला की डबे, डबे झाले की खुरपं. खरंय ते. पण आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं, त्यानंतर ज्या शेतकरी घरांनी विश्वास धरला त्या घरातल्या आज्या-पणज्यांना शांत तास कधीच मिळाला नव्हता, तरी त्यांना स्तोत्रंच्या स्तोत्रं तोंडपाठ असायची, कारण त्या दळताना म्हणायच्या, निंदताना म्हणायच्या. माझं सांगणं तेवढंच आहे, वेगळी वेळ शोधत बसू नका, जी कामं रोज होणारच आहेत त्यांनाच प्रार्थना बांधून टाका.

सकाळची धार धरा. गाय पान्हावली की पाच-सात मिनिटांत दूध काढून व्हायला पाहिजे, नंतर पान्हा चोरते, म्हणजे एका गाईला एक २३ वं स्तोत्र आणि वर प्रभूची प्रार्थना आरामात बसते. पहिली गाय नवऱ्यासाठी, दुसरी पोरांसाठी, तिसरी सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी, असं ज्याच्या नावाने जी गाय ठरली ती ठरली, मग आज कुणासाठी प्रार्थना करायची राहिली असं होतच नाही. मशीन असेल तर आवाजात मोठ्याने म्हणता येत नाही, मनात म्हणा, देवाला ऐकू जातं. वाचन मात्र धारेच्या वेळी नको. ते घासाला (जनावरांचा हिरवा चारा कापायला) जाताना मोबाईलवर लावा, ऑडिओ बायबल फुकट मिळतं, एक अध्याय ऐकून होईपर्यंत भारा बांधून होतो. नव्या विश्वासणारीने मार्कापासून सुरुवात करावी असं माझं मत, छोटं आहे आणि त्यातला प्रभू सतत चालत असतो, कामात असतो, आपल्याला जवळचा वाटतो.

रात्रीच्या लाईटचं वेगळं. ज्या आठवड्यात शेतपंपाला रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना जेवणानंतर ठेवली की मोडते, कारण हे जेवून थोडं झोपतात आणि मग बारा-एकला उठून पाण्यावर जातात. तर त्या आठवड्यात प्रार्थना जेवणाच्या आधी घ्या, ताटं वाढायच्या आधी, दहा मिनिटं, एक गीत एक वचन आणि प्रत्येकाने एकेक वाक्य. आणि ते निघताना उंबऱ्यात उभं राहून १२१ वं स्तोत्र म्हणा, राखणारा झोपत नाही असं त्यात आहे, रात्री पाणी भरणाऱ्याच्या बायकोला त्या ओळीची किंमत कळते. उसात बिबट्या आहे हे सगळ्यांना माहितीये, म्हणून प्रार्थनेसोबत बॅटरी, काठी, मोबाईलवर मोठ्याने गाणी, आणि शक्यतो जोडीला कुणीतरी, हेही पाहिजेच. अंधार पडला की लहान पोरांना उसाच्या कडेला सोडायचं नाही. विश्वास आहे म्हणून खबरदारी सोडायची असं प्रभूने कुठं सांगितलेलं नाही.

आता रविवार. यावर मी जास्त लिहिणार कारण सगळी घरं इथंच घसरतात. उपासना साडेनऊ-दहाला, आणि गाईला रविवार कळत नाही, दोन धारांमध्ये बारा तासाचं अंतर राहिलंच पाहिजे, घाईत अर्धवट पिळलं की कासेत दूध राहतं आणि दगडी (कास सुजायचा आजार) होते. म्हणून रविवारची धार रोजच्याच वेळेला, कमी-जास्त करू नका, बाकीचं सगळं शनिवारी उरका. शनिवारी दुपारी दोन वेळचा घास कापून कुट्टी करून ठेवा, मुरघास (मुरवून साठवलेला हिरवा चारा) असेल तर रविवार त्याच्यावरच काढा, खरं तर मुरघासाचा खड्डा किंवा बॅग हीच आमच्या घरात रविवार वाचवणारी सगळ्यात मोठी गोष्ट ठरलीये. पोरांचे कपडे इस्त्री, अर्पणाचे पैसे पाकिटात, कणीक मळून फ्रीजमध्ये, रस्सा करायचा असेल तर वाटण शनिवारीच. मग सकाळी धार, दूध डेअरीला, आंघोळ, आणि घंटेच्या आधी चर्चमध्ये. उशिरा जाऊन मागच्या बाकावर बसायची सवय लावून घेऊ नका, पोरं तेच शिकतात.

मजूर रविवारी लावायचे का? चौथी आज्ञा निर्गम २० मध्ये नीट वाचा, त्यात घरच्या माणसांबरोबर चाकर आणि जनावरंही विसाव्यात धरलीत. म्हणजे मी चर्चला आणि माझ्या रानात बायका वाकलेल्या, हे मला पटत नाही, त्या आपल्या धर्माच्या नसल्या तरी त्यांनाही घरी लुगडी धुवायची असतात. मजुरांच्या टोळीशी उक्तं (अख्ख्या कामाचं एकरकमी) ठरवतानाच रविवार सोडून बोला, मुकादम ऐकतो, आधी सांगितलं तर. आणि अवकाळीचं आभाळ आलं, कांदा उघड्यावर आहे, तर रविवार असला तरी जाऊन झाका. बैल विहिरीत पडला तर शब्बाथ (विसाव्याच्या) दिवशीही त्याला काढालच ना, हे लूक १४ मध्ये प्रभूनेच विचारलंय. पण दर रविवारी बैल विहिरीत पडत नाही हेही लक्षात असू द्या.

कांदा आणि सण यांचं गणित ऑक्टोबरमध्येच मांडायचं असतं, डिसेंबरात नाही. उन्हाळ कांद्याचं रोप साधारण ५० दिवसांत लागवडीला येतं. १५ ऑक्टोबरच्या आसपास बी टाकलं तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागवड, आंबवणी (लागवडीनंतरचं पाणी) देऊन नाताळाला हात मोकळे. बी १० नोव्हेंबरला टाकलं तर लागवड नाताळ उरकून ३० डिसेंबरच्या पुढे. मधल्या तारखांना टाकलं तर बरोबर २४-२५ डिसेंबरला रोप उपटायची वेळ येणार आणि मग करंज्या कोण करणार, पोरांच्या नाटकाला कोण जाणार, कॅरलवाली मंडळी दारात येतील तेव्हा घरात चहा टाकायला कोण असणार.

ईस्टरचं असंच, फक्त ईस्टर दरवर्षी सरकतो म्हणून कॅलेंडर बघावं लागतं. लागवडीपासून कांदा ११०-१२० दिवसांनी काढणीला येतो. २०२७ ला उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) २६ मार्चला आहे, म्हणजे २०२६ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावलेला कांदा नेमका दुःखसहनाच्या सप्ताहात (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात) माना टाकणार, म्हणजे काढणीला येणार, तेव्हा त्या वर्षी नाताळानंतरची लागवड बरी. २०२८ ला ईस्टर १६ एप्रिलला, तिथं उलटं, १० डिसेंबरपर्यंत लावला तर झावळ्यांच्या रविवाराआधी (ईस्टरच्या आधीचा रविवार) काढून होईल. आणि समजा तारीख जुळली नाहीच, तरी एक सोय आहे, काढलेला कांदा पातीसकट तीनेक दिवस रानात वाळवावाच लागतो. बुधवारपर्यंत काढा, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा अंथरा म्हणजे ऊन लागत नाही, आणि गुरुवारचं प्रभुभोजन, शुक्रवारची बारा ते तीनची, प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात वाक्यांची उपासना, रविवारी पहाटेची उपासना, सगळं शांतपणे करा. पात कापणं सोमवारी.

उपवासकाळाबद्दल (ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस) एक स्पष्ट बोलते. चाळीस दिवस, भर उन्हात, कांदा काढणीत, पोटात काही न घालता राबणं हे कुणी सांगितलेलं नाही. अंगावर पाजणारी, दिवस गेलेली, बीपी-शुगरची गोळी चालू असलेली बाई, तिने जेवण सोडू नये. चहातली साखर सोडा, मटण सोडा, रात्रीची सिरीयल सोडा आणि तो अर्धा तास प्रार्थनेला द्या, वाचलेले पैसे अर्पणात टाका. पाणी तर कुणीच सोडू नका.

दशांशावरनं (उत्पन्नाचा दहावा भाग देवाला) घरात वाद होतात, म्हणून सोपी रीत सांगते. डेअरीचं बिल दहा दिवसांनी येतं, त्यातलं एक दिवसाचं दूध देवाचं, हिशोब झाला. बिल हातात आल्याआल्या बाजूला काढा, किराणा झाल्यावर उरेल ते देऊ म्हटलं की उरत नसतं. पिकाचं मी खर्च वजा जाऊन धरते, काही जण एकूण पट्टीवर (विक्रीच्या पूर्ण रकमेवर) धरतात, त्यांचंही चुकीचं म्हणणार नाही. ज्या वर्षी कांदा तोट्यात जातो त्या वर्षी चर्चमधल्या कापणीच्या सणाला माल न्या, बाजरीची कणसं, एक भोपळा, अंडी, एखादी कोंबडी. लिलावात तुमच्या भोपळ्याला कुणीतरी बाजारापेक्षा जास्त बोली लावतंच आणि पोरांना कळतं की पैसा नसतानाही रिकाम्या हाताने जायचं नसतं.

आणि सरवा (काढणीनंतर रानात राहिलेला माल) सोडा. लेवीय २३ मध्ये शेताच्या कडा गरिबांसाठी ठेवायला सांगितलंय, रूथ अशाच सरव्यावर जगली. बांधाकडच्या दोन ओळी, झाडाखालची शेंग, काढणीनंतर राहिलेला कांदा, विधवा बाया-म्हाताऱ्या वेचायला आल्या तर हाकलू नका, पोरांनाही हाकलू देऊ नका. हार्वेस्टर आल्यापासून गव्हाचा सरवा कमी झालाय, तर मी एक पाटी दाणे वेगळे काढून ठेवते.

पोरांचं म्हणाल तर, देव शिक्षा करील हे वाक्य घरातनं काढून टाका. अभ्यास नाही केला तर देव रागावेल, भाकरी टाकली तर देव रागावेल, असं ऐकत मोठी झालेली पोरं कॉलेजला गेली की चर्चची पायरी चढत नाहीत. त्यापेक्षा कामात घ्या. बी टाकताना लहानग्याच्या हातात मूठभर द्या आणि प्रार्थना त्याला करू द्या, दोन शब्दांची का असेना. वासरू जन्मलं की आभार सगळ्यांनी गोठ्यातच मानायचे. आठवड्याला एक वचन पाठ, ते फ्रीजवर चिकटवा. मे महिन्यात सुट्टीतली बायबल शाळा असते तेव्हा काढणी कितीही असो पोरांना पाठवा, आठवडाभर त्यांच्याशिवाय चालतं. मोठा मुलगा येत नाही म्हणाला तर ओढत नेऊ नका, पण कुटुंबाच्या प्रार्थनेत त्याची जागा मोकळी ठेवा आणि रोज नावाने बोलवा.

शेवटी सातबारा. नीतिसूत्रे ३१ मधली बाई शेत पाहून विचार करून विकत घेते, हे आपल्याकडे मदर्स डेला वाचतात आणि तिथंच सोडतात. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, मृत्यूपत्र नसेल आणि मुलं असतील तर बायकोला एक तृतीयांश, उरलेल्यात मुलगा-मुलगी सारखेच. लेकींनाही सारखं, हे घरातल्या पुरुषांसमोर एकदा मोठ्याने बोला. नवरा हयात असतानाच त्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायला लक्ष्मी मुक्ती योजना आहे, अर्ज नवऱ्याने करायचा असतो, तलाठ्याकडे चौकशी करा. विषय कसा काढायचा असं विचारतात, तर संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर काढा, तेव्हा घरात कुणी चिडलेलं नसतं.