लेआउटवरून गायब झालेलं फील्ड

सेल्सफोर्स या ग्राहकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर आम्ही तिघं काम करतो, प्रत्येकाचा डेव्हलपर सँडबॉक्स (बदल करून पाहायची प्रत) वेगळा. एके दिवशी मी अकाउंटच्या, म्हणजे ग्राहक कंपनीच्या नोंदीच्या, पेज लेआउटवर (पानावरच्या मांडणीत) टाकलेलं ‘जीएसटी क्रमांक’ हे फील्ड टेस्टिंगच्या सामायिक सँडबॉक्समधून गायब! फील्ड ऑब्जेक्टवर (मूळ तक्त्यात) होतं, डेटाही शाबूत. फक्त लेआउटवर दिसेना.

कारण शोधण्यात अख्खी दुपार गेली. पेज लेआउट डिप्लॉय होतं, म्हणजे एका सँडबॉक्समधून दुसरीकडे जातं, ते पूर्णच्या पूर्ण. सहकाऱ्याच्या सँडबॉक्समध्ये माझा बदल पोचलाच नव्हता, त्यामुळे त्याच्या चेंज सेटमधली (पुढे पाठवायच्या बदलांच्या संचातली) प्रत माझ्या लेआउटवर बसली. चूक आमच्या पद्धतीत होती.

मग मेटाडेटा, म्हणजे लेआउट, फील्ड वगैरेंची रचना, गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात आणला. प्रत्येकाची ब्रँच (कामाची शाखा) वेगळी. बदल आधी गिटमध्ये एकत्र करायचे, मग सामायिक सँडबॉक्स, तिथे तपासून झाल्यावरच प्रॉडक्शन, म्हणजे प्रत्यक्ष वापरातली सिस्टिम. लेआउटच्या एक्सएमएलमध्ये (मजकूर रूपातल्या फाइलमध्ये) दोघांच्या ओळी एकमेकींवर आदळल्या की दोघांनी एकाच स्क्रीनसमोर बसून सोडवायच्या. फ्लोचं (आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळीचं) एक्सएमएल मात्र हाताने जुळवणं फार किचकट. एका फ्लोला एका वेळी एकानेच हात लावायचा, हे मी ठामपणे सांगेन.

आणि हो, डेव्हलपर सँडबॉक्स रिफ्रेश केला, म्हणजे प्रॉडक्शनवरून नव्याने तयार केला, की आतलं सगळं पुसलं जातं. आधी कमिट (गिटमध्ये बदल नोंदवणं), मग रिफ्रेश.