बेळगावात नव्याने येणाऱ्या कारागिरांनो, सर्किट बोर्डाला दोष देण्यापूर्वी

इचलकरंजीहून बेळगावात येऊन मला एकोणीस वर्षे झाली. मिक्सर आणि गिझरपासून सुरुवात करून आता माझे बहुतेक काम इंडक्शन शेगड्या आणि इलेक्ट्रिक ओव्हन असलेल्या कुकिंग रेंज यांचेच असते. आयटीआय संपवून कोल्हापूर, गडहिंग्लज या बाजूंनी दरवर्षी काही मुले येथे येतात आणि मी केलेल्याच चुका पुन्हा नव्याने करतात, म्हणून हे लिहीत आहे.

खोली शहापूर, वडगाव किंवा अनगोळ या भागांत पाहावी. स्वतःचे दुकान घालणार असाल, तर पाटीचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असावा लागतो, हे रंगाऱ्याला पैसे देण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

शहरात मराठीवर निभावते आणि नेमकी तेथेच आपली माणसे फसतात. दहा-दहा वर्षे राहूनही कन्नड येत नाही, असे अभिमानाने सांगणारे काही जण आपल्यात आहेत. गोकाक किंवा बैलहोंगलचे काम आले, की तेच दुसऱ्याला गाठतात. कन्नड ग्राहक सौजन्याने मोडक्यातोडक्या मराठीत बोलतो खरा, पण बिघाड अर्धाच सांगतो. ‘बिसि आगंगिल्ल’ म्हणजे तापत नाही आणि ‘ऑन आगंगिल्ल’ म्हणजे चालूच होत नाही, एवढा फरक कळला तरी निम्मे निदान दारातच होते. डिस्प्लेवर आकडे दिसत असून तापत नसेल, तर बोर्डाला, म्हणजे उपकरणातल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला, लागणारा ५ आणि १८ व्होल्टचा पुरवठा बहुधा शाबूत असतो आणि शोध तापमानाचा सेन्सर, रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा आयजीबीटीच्या, म्हणजे इंडक्शनची कॉइल चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या, ड्रायव्हरकडे वळवावा लागतो. काहीच उजळत नसेल, तर आधी फ्यूज, ब्रिज (एसीचे डीसी करणारा भाग) आणि एसएमपीएस (बोर्डाला कमी व्होल्टचा पुरवठा देणारा भाग) पाहावे. त्यानंतर ‘यावागिंद्री?’, म्हणजे कधीपासून, हे विचारावे. ‘काल करंट जाऊन आला तेव्हापासून’ हे उत्तर मल्टीमीटरपेक्षा अधिक सांगून जाते.

ओव्हनचे तापमान भलतेच दिसू लागले, की नवखा कारागीर ‘बोर्ड गेला’ म्हणून मोकळा होतो. बोर्डाला हात लावण्यापूर्वी सेन्सरची जोडणी काढून त्याचा रोध मोजावा. पीटी१००० जातीचा सेन्सर थंड असताना सुमारे १०८० ते ११०० ओहम दाखवतो, तर इंडक्शनच्या काचेखालचा थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा सेन्सर) बहुधा १०० किलोओहमच्या आसपास असतो. या भागांची किंमत बोर्डाच्या पासंगालाही पुरत नाही. बटण बंद करूनही ओव्हन तापत राहिला, तर रिलेचे संपर्कबिंदू चिकटलेले असतात आणि तेवढा रिले बदलून भागते. रिलेचा टक् असा आवाज येऊनही ओव्हन थंड राहिला, तर एलिमेंट, म्हणजे तापणारी कॉइल, मोजावे; २००० वॅटचे एलिमेंट २३० व्होल्टवर साधारण २६ ओहम दाखवते.

आता माझी महागात पडलेली चूक सांगतो. टिळकवाडीतील एका घरी इंडक्शन शेगडी बंद पडली होती. आत वेरिस्टर (जादा दाब स्वतःवर घेऊन बोर्ड वाचवणारा भाग) फुटून काळा पडला होता, फ्यूज उडाला होता आणि आयजीबीटी शॉर्ट झाला होता. मी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये दाब (व्होल्टेज) मोजला, तो २३२ व्होल्ट भरला आणि मी निश्चिंत मनाने नवा बोर्ड बसवला. तो चौथ्या दिवशी गेला. बोर्डच खराब निघाला असे समजून मी पदरमोड करून दुसरा आणला, तोही आठवडाभरात जळाला. फुटलेला वेरिस्टर हा जादा दाबाचा पुरावा आहे, हे मला पुस्तकातून ठाऊक असूनही सुचले नाही. घर थ्री-फेजचे होते आणि मेन स्विचमधला न्यूट्रलचा, म्हणजे तिन्ही फेजच्या सामायिक परतीच्या तारेचा, स्क्रू सैल होता. घरात भार नसताना दाब ठीक दिसे. पण एका फेजवर गिझर चालू झाला, की दुसऱ्या फेजवरचा दाब ३०० च्या पुढे चढत असे. तेव्हापासून वेरिस्टर फुटलेला दिसला, की मी घरातला गिझर किंवा इस्त्री चालू करवून तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजतो आणि मगच स्क्रूड्रायव्हर काढतो. एक स्क्रू आवळला असता, तर माझे दोन बोर्डांचे पैसे वाचले असते.

दुरुस्त केलेला बोर्ड थेट प्लगला कधीही लावू नये. १०० वॅटचा फिलामेंटचा साधा पिवळा दिवा सिरीजमध्ये, म्हणजे पुरवठ्याच्या वाटेत, घ्यावा आणि शेगडीवर भांडे न ठेवता पुरवठा द्यावा. दिवा पूर्ण पेटून राहिला, तर शॉर्ट अजून आतच आहे. दिव्याविना काम करणाऱ्याला मी माझ्या टेबलाशी बसू देत नाही. प्लग काढल्यानंतरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत दाब राहू शकतो, त्यामुळे रेझिस्टरने तो उतरवून मगच बोर्ड हाती घ्यावा.

जून ते सप्टेंबर, विशेषतः खानापूरच्या बाजूला, निम्म्या तक्रारी बोर्डाच्या नसून ओलाव्याच्या असतात. पंख्याच्या जाळीतून शिरलेली झुरळे, मुंग्या आणि फोडणीच्या धुराचा चिकट थर यांवर दमट हवा बसली, की बटणे आपोआप दाबली गेल्यासारखी वागतात. अशा वेळी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुऊन पूर्ण वाळवावा आणि ग्राहकाकडून केवळ सफाईचेच पैसे घ्यावेत.