घर बघायला जाताना फोनमधलं होकायंत्र उघडा

नागपूरचा माणूस लंडनमध्ये उकाड्याची तक्रार करतो म्हटल्यावर घरचे हसतात. मीही हसायचो. मग लंडनच्याच हॅरो भागात माळ्यावरची खोली भाड्याने घेतली आणि १९ जुलै २०२२ उजाडला. त्या दिवशी लिंकनशायरमधल्या कोनिंग्जबीला ४०.३ अंश नोंदले गेले. या देशाने चाळिशी ओलांडली ती तेव्हाच पहिल्यांदा. रात्री अकरालाही त्या खोलीचं तिरकं छत हाताला गरम लागत होतं. शेवटी चादर घेऊन स्वयंपाकघरातल्या फरशीवर झोपलो.

आपल्याकडे पंचेचाळीस अंशांत पंखा असतो, कूलर असतो, खसच्या ताट्या असतात. इथे छताला पंख्याचा हूकसुद्धा नसतो. घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, आणि ती जुलैतही इमानेइतबारे धरून ठेवतात.

आपल्याकडचे बरेच जण इथे सप्टेंबरात नाहीतर जानेवारीत येतात आणि थंडीच्या हिशेबाने घर बघतात. एजंट बॉयलर दाखवतो, डबल ग्लेझिंग म्हणजे दुहेरी काचांच्या खिडक्या दाखवतो, आपण खूश. ईपीसी म्हणजे घराच्या ऊर्जा-कार्यक्षमतेच्या दाखल्यावरचं अक्षर बघा, पण ते मुख्यतः ऊर्जेच्या खर्चाचं, म्हणजे हिवाळ्याचंच गणित आहे. उन्हाळ्यासाठी फोनमधलं होकायंत्र उघडा आणि खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते बघा. जूनमध्ये लंडनला सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. पश्चिमेच्या मोठ्या खिडक्या म्हणजे तोवर ऊन घरात. एकाच बाजूला खिडक्या असतील तर वारा आरपार जात नाही. माळ्यावरची खोली स्वस्त का, हे आता सांगायला नको. नव्या इमारतींत सामाईक हीटिंगचे गरम पाण्याचे पाइप कॉरिडॉरमधून जातात, तिथे भर उन्हाळ्यात उकडतं. इंग्लंडमध्ये नव्या घरांच्या अतिउष्णतेबद्दलचा बांधकाम नियम जून २०२२ पासून लागू झाला; त्याआधीच्या काचेच्या टॉवरांना तो नव्हता.

आणि प्रत्येक खिडकी स्वतः उघडून बघा. लाजू नका. माझ्या खोलीतली एक रंगाच्या थरांनी चिकटून बसली होती, दुसरी सुरक्षेच्या अडसरामुळे चार बोटं उघडायची. करार होण्याआधी "ही उघडून द्या" म्हणणं सोपं जातं, आणि उत्तर ईमेलवरच घ्या.

राहायला आल्यावर काय? घरमालकाने एसी द्यावा असा कायदा नाही, घरातल्या कमाल तापमानाची कायदेशीर मर्यादाही नाही. मी तक्रार केली तेव्हा एजंटने "पंखा घ्या" एवढंच लिहिलं. पण खिडक्यांची दुरुस्ती ही घरमालकाची जबाबदारी असते, आणि इंग्लंडमध्ये कौन्सिल घरातले धोके तपासते त्या यादीत अति उष्णताही आहे. खोलीत थर्मामीटर ठेवा, तारीख-वेळेसह फोटो काढा, आधी घरमालकाला लेखी कळवा, मग कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ विभागाकडे जा. रागाच्या भरात भाडं मात्र थांबवू नका. थकबाकी झाली की घर जाऊ शकतं.

पोर्टेबल एसी घेताना खिडकी मोजा. त्याची जाडजूड नळी बाहेर सोडावी लागते, आणि सोबतची पट्टी सहसा सरकत्या खिडकीसाठी असते. बाहेर उघडणाऱ्या खिडकीला वेगळं कापड लावावं लागतं. भाड्यात बिलं धरलेली असतील तर करारात विजेची मर्यादा आहे का तेही वाचा. पाण्याचा छोटा कूलर बंद खोलीत नुसती दमट हवा करतो, मी पैसे घालवून पाहिलंय.

दिवसा खिडक्या-पडदे बंद, रात्री सगळं उघडं, हे आपल्या आजीला ठाऊक होतं तेच इथेही चालतं. इंग्रज शेजारी दुपारी दोनला खिडक्या सताड उघडतात, त्यांचं बघू नका. तळमजल्यावर असाल तर रात्री उघड्या खिडकीपाशी लॅपटॉप ठेवू नका. काचेवर चमकणारा कागद लावणार असाल तर डाग न सोडणारा घ्या, डिपॉझिटमधून कापतात.

पंखा एप्रिलमध्येच आणून ठेवा. तीस अंशांचा अंदाज टीव्हीवर झळकला की दुकानातली मांडणी रिकामी होते.