सिंधहून आलेल्या मुलांना शिकवायला बसाल तेव्हा

आमच्या इंदूरात पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेली हिंदू कुटुंबं पुष्कळ आहेत. बरीचशी दीर्घकालीन व्हिसावर राहतात. रामबागेतून मी आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी त्यांच्या एका वस्तीत शिकवायला जाते. तिथल्या बायका मला 'अदी' म्हणतात, म्हणजे मोठी बहीण. तुम्हालाही जायचं असेल तर सुरुवात कशी करायची ते सांगते.

पहिल्या दिवशी पुस्तक काढू नका. मुलाच्या हातात कोरी वही द्या आणि म्हणा, तुला येतं ते लिही. दहा वर्षांच्या एका मुलाला 'काहीच येत नाही' म्हणून शाळेने दुसरीत बसवलं होतं. त्याने माझ्यासमोर वही शेवटच्या पानावर उघडली आणि उजवीकडून डावीकडे भराभर अर्धं पान भरलं. तिकडे सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहितात, ५२ अक्षरं. मग बेरजा केल्या. त्याचा पाच गोलसर, शून्य म्हणजे नुसता ठिपका. शाळेच्या वहीत प्रत्येक पाचावर लाल फुली होती, कारण तो शून्य वाचला गेला होता. बेरजा सगळ्या बरोबर होत्या. त्या फुल्या पाहून मला फार वाईट वाटलं.

या मुलांना हिंदी बोललेली कळते, अडतं ते अक्षरापाशी. म्हणून त्यांच्याच शब्दांपासून सुरू करा. सिंधीसाठी देवनागरीत चार अक्षरांखाली रेघ देतात: ॻ, ॼ, ॾ, ॿ. हे आवाज श्वास आत ओढून काढायचे, आपल्या मराठीत ते नाहीत. ॿार म्हणजे मूल, ॾंद म्हणजे दात, ॼिभ म्हणजे जीभ. एका कार्डावर उजवीकडे त्याने त्याच्या लिपीत लिहायचं, डावीकडे तुम्ही देवनागरीत. उच्चार मात्र त्याला शिकवू द्या. चुकलात की तो पुन्हा पुन्हा म्हणून दाखवतो, आणि गप्प बसणारी मुलं इथेच पहिल्यांदा तोंड उघडतात. आणखी एक, त्यांची अक्षरं रेघेवर बसतात, आपली रेघेला लोंबतात. हे हात धरून दाखवावं लागतं. कागदावर आधी नुसत्या शिरोरेघा ओढून द्या.

मुलांना शाळेत दाखल करण्याचं काम याच्या बरोबरीने करा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाला साजेसा वर्ग आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळायला हवं (कलम ४). पालकांना बरोबर घेऊन जा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी बोलणं पुढच्या आठवड्यात कुणाला आठवत नाही.

तिकडून कसे आलात, काय सोसलंत, हे मुलांना विचारू नका. सांगायचं असेल तेव्हा ती सांगतात, बहुधा चित्र काढता काढता. त्यांचे फोटो कुठेही टाकू नका. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी काही मुलं शाळेत जात नाहीत, वर्गात चिडवतात म्हणून. वर्गशिक्षिकेला हे आधीच जाऊन सांगा. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा एक मुलगी दप्तरात कपडे भरून आली होती. हिंदूंना दिलेले दीर्घकालीन व्हिसा कायम आहेत, हे सरकारने स्पष्ट केलं होतं. ते घरातल्या मोठ्यांना कळलं होतं, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अशा वेळी मुलांना समोर बसवून साध्या शब्दांत सगळं सांगा. कुणी आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, बोलत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे.

मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायचं म्हणून घरी राहतात. भावंडांनाही बोलवा. एका कोपऱ्यात सतरंजी आणि खडू ठेवा, आणि वर्ग अंधार पडायच्या आत सोडा. माझ्याकडची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन येते. तो तिच्या पाटीवर हात मारतो, ती पुसून पुन्हा लिहिते.