जुन्या गाडीत नवं इंजिन-गिअरबॉक्स बसवण्याआधीची तयारी

मागच्या वेळी माझं इंजिन बसलं, गिअरबॉक्स बसला, पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली, आणि तरी काम फसलं. गाडी मागच्या चाकांवर चालणारी, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असलेली. माउंटिंग (इंजिन-गिअरबॉक्सचा आधार) पक्कं वेल्ड केलं तेव्हा ती स्टँडवर होती आणि मागचा अ‍ॅक्सल खाली लोंबत होता. एवढीच चूक. म्हणून बाकी काही सांगायच्या आधी हे: माउंटिंगचं पक्कं वेल्डिंग आणि प्रोपेलर शाफ्टचं (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचं) माप, दोन्ही गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना.

आता सुरुवातीपासून. नुसतं इंजिन विकत घेऊ नका. ज्या गाडीतून ते निघतंय तिचाच ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), अख्खं वायरिंग, सगळे सेन्सर, अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल आणि चावी घ्या. इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) असलेल्या गाडीत ईसीयूला ओळखीची चावी मिळाली नाही तर इंजिन सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन लगेच बंद पडतं. वायरिंग कापून काढू देऊ नका. कनेक्टर सोडवा, प्रत्येकाला चिठ्ठी बांधा. कंटाळवाणं काम आहे, पण कराच.

बॉनेट लागतंय का हे सगळेच बघतात. ऑइल चेंबरचा खोल भाग पुढे आहे की मागे, हे इंजिन घेण्याआधी बघा, कारण जुन्या गाडीचा क्रॉसमेंबर (चासीची आडवी पट्टी) किंवा स्टीअरिंगचे रॉड नेमके तिथेच येतात. इंजिन रबरावर हलतं, त्यामुळे सगळीकडे निदान 2 सेंमी मोकळीक हवी. एक्झॉस्ट आणि स्टीअरिंगचा दांडा यांच्यातही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग नवीनच टाका, आणि क्रँकच्या टोकातलं, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग विसरू नका. ते राहिलं तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून आत सोडा आणि माउंटिंगला फक्त टाके मारा. पूर्ण वेल्ड नाही, टाके. मग इंजिनात ऑइल, रेडिएटरमध्ये पाणी, बॅटरी, बॉनेट, टाकीत अर्धं पेट्रोल, आणि गाडी चाकांवर उतरवा. जागेवरच थोडी पुढेमागे ढकला, म्हणजे स्प्रिंगा बसतात. त्यानंतरच शाफ्टचा कोन मोजायचा.

क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) कोनात फिरतो तेव्हा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर ही ओढाताण तिथे भरून निघते. म्हणून गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट आणि मागच्या अ‍ॅक्सलमधल्या डिफरन्शियलचा पिनियन (प्रोपेलर शाफ्ट ज्याला फिरवतो तो गिअर) समांतर हवेत, फरक साधारण एका अंशाच्या आत. प्रत्येक क्रॉसवर 1 ते 3 अंशांचा कोन ठेवा. शून्य कोनही नको, कारण मग बेअरिंगच्या सुया जागच्या हलत नाहीत. पाट्यांच्या गाडीत जोर लावला की पिनियनचं नाक वर उठतं, तेव्हा उभ्या गाडीत ते एखादा अंश खाली ठेवलेलं बरं.

लोंबत्या अ‍ॅक्सलवर घेतलेला कोन खोटा असतो. माझी गाडी ठरावीक वेगाला सीटखालून थरथरायची. मी चाकं बॅलन्स केली, टायर बदलले, शाफ्ट दोनदा बॅलन्स करून आणला. शेवटी क्रॉस खोलला तर कपांच्या आत सुयांचे वण पडले होते, नखाला अडकतील इतके खोल. लांबीही त्याच चुकीने गेली. अ‍ॅक्सल लोंबता असताना अंतर जास्त भरलं, शाफ्ट लांब झाला, आणि खड्ड्यात मागचं चाक वर आलं की त्याचं टोक थेट गिअरबॉक्सवर आदळायचं. मागचं सील गेलं, मग बेअरिंगही. लांबी मोजताना स्लिप योक (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये सरकणारं टोक) पूर्ण आत ढकला, 2 ते 2.5 सेंमी बाहेर ओढा आणि तिथून माप घ्या. गाडी कशावर? चाकांवर. जॅकवर नाही, स्टँडवर लोंबती नाही. कोणी घाई केली तर त्याला थांबवा.

माप दोनदा जुळलं की मग पूर्ण वेल्डिंग.

पेट्रोलचं काम सोपं वाटतं, पण धोक्याचं आहे. कार्बोरेटरच्या पंपाचा दाब अर्ध्या बारच्याही खाली असतो, इंजेक्शनला साधारण 3 ते 4 बार लागतो. जुना रबरी पाइप हा दाब झेलत नाही, तो फुटला तर पेट्रोल गरम एक्झॉस्टवर उडतं. इंजेक्शनचाच पाइप आणि त्याच्याच क्लिपा वापरा. जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी लाइन हवी का तेही बघा.

रेडिएटर नव्या इंजिनाच्या ताकदीचा घ्या. बॉडी आणि इंजिन यांच्यात जाड अर्थिंगची पट्टी टाका, नाहीतर स्टार्टरचा करंट क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परततो आणि केबल जळते. ताकद वाढली तर ब्रेकही वाढवा. स्पीडोमीटर, सायलेन्सर, कागदपत्रांवर नवा इंजिन नंबर, हे ओघाने आलंच.

सुरू झाल्यावर गळती बघा, हळू चालवा. शंभरेक किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा आवळा आणि कोन पुन्हा मोजा, कारण नव्या वजनाखाली पुढच्या स्प्रिंगा थोड्या बसलेल्या असतात. हेही माप चाकांवरच.