सेल्फ फिरतो पण गाडी स्टार्ट होत नाही? जुन्या मारुती ८०० मध्ये काय काय बघायचं

सेल्फ जोरात फिरत असेल तर नवी बॅटरी आणायला धावू नका, रोग दुसरीकडे आहे. सेल्फ रडत रडत फिरत असेल तर गोष्ट वेगळी, अर्धमेल्या बॅटरीवर इंजिन फिरतं पण (ठिणगी पाडणाऱ्या) स्पार्क प्लगला धड करंट मिळत नाही, तेव्हा आधी चार्जिंग. हे सगळं कार्बोरेटरवाल्या (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) ८०० चं सांगतोय, म्हणजे साधारण २००० पर्यंतच्या गाड्या.

सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदच मारा, मग अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फची मोटर तापते, बॅटरी बसते आणि वर पेट्रोल ओव्हर होतं ते वेगळंच.

बॉनेट उघडलं की आधी नाकाने काम करा. पेट्रोलचा भपकारा येतोय? म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त झालंय, थोडा वेळ थांबा, चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून नुसता धरून ठेवा (पंप करायचा नाही!) आणि सेल्फ मारा, खूपदा खोकत खोकत चालू होते.

वास नसेल तर करंट बघा. एक प्लग खोलून परत त्याच्या केबलला लावायचा, प्लगचं लोखंड इंजिनच्या उघड्या धातूला टेकवायचं, रबरी मुठीच्या पकडीने धरायचं आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. प्लगच्या भोकापासून लांब धरा कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते, आणि हाताने तर धरूच नका, हजारो व्होल्ट असतात. कडक निळी ठिणगी म्हणजे करंट ओके. पिवळी, मरतुकडी किंवा काहीच नाही, तर डिस्ट्रिब्युटरची (प्लगना आळीपाळीने करंट वाटणारा भाग) कॅप उघडा. पावसाळ्यात निम्म्या वेळा इथेच घोळ असतो, आतून ओल धरते, कोरड्या फडक्याने पुसलं की काम होतं. केसाएवढी चीर दिसली तर मात्र कॅप बदला. केबल उंदराने कुरतडल्यात का तेही बघून घ्या.

कॅप उघडीच आहे तर अजून एक करा, सेल्फ मारून रोटर (कॅपखालचा फिरणारा तुकडा) फिरतोय का बघा. रोटर कॅमशाफ्टवरून फिरतो आणि कॅमशाफ्टला टायमिंग बेल्ट फिरवतो, त्यामुळे तो जागचा हलला नाही तर बहुतेक टायमिंग बेल्ट तुटलाय. सेल्फचा आवाजही बदलतो, नेहमीची धक-धक जाऊन एकसारखा सुर्रर्र येतो. मग अजिबात सेल्फ मारू नका, गाडी टो करून न्या.

करंट आहे, रोटर फिरतोय, मग राहिलं पेट्रोल. गेजवर विश्वास ठेवू नका, दोन लिटर टाकून बघा. तरी नाही तर कॉइलची (ठिणगीचे व्होल्ट तयार करणारा भाग) बारीक वायर काढून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही, मग कार्बोरेटरला येणारा पाइप काढून बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. इंजिन गार पाहिजे, विडी-सिगारेट लांब. पंप मेकॅनिकल आहे, त्यामुळे पेट्रोल थांबत थांबत पिचकारीसारखं यायला हवं. नाही आलं तर फिल्टर तुंबलेला, पंपाचा पडदा फाटलेला, किंवा चिरलेल्या पाइपातून हवा ओढतोय. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, आणि ते पाणीही ओढतं, त्यामुळे गाडी महिनोन् महिने उभी असेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल काढूनच टाका.

एमपीएफआयवाली (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनची) असेल तर चावी ऑन केल्यावर टाकीकडून दोन सेकंद घूंऽ असा आवाज यायला पाहिजे, नाही आला तर फ्यूज आणि रिले बघा. त्याच्या पुढे स्कॅनर लागतो, ते गॅरेजवाल्याचं काम.