नाताळची तयारी: टीपॉय रिकामा ठेवा

गेल्या नाताळात चर्चमधल्या मिस्साहून (प्रार्थनेहून) घरी आलो तर टीपॉयवरचं केकचं ताट लख्ख. टायगर दारात शेपटी हलवत उभा, मिशांना पिठीसाखर. म्हणून यंदा ही यादी. आम्ही वसईचे. घरात पाच वर्षांचा थोरला, दीड वर्षाची धाकटी, एक कुत्रा आणि मनी नावाची एक मांजर. तुमच्याकडे यातलं अर्धंच असेल, तरी वाचा.

नोव्हेंबरात सुकी फळं रममध्ये भिजत घालाल ती बरणी वरच्या फळीवर ठेवा, हे काय सांगायचं. आमचीही वरच होती. आपल्या केकवर आपला डोळा असतोच. घात करतो तो शेजारून आलेला केक. २३ तारखेपासून दर तासाला कुणीतरी ताट घेऊन येतं, आपल्या कडेवर धाकटी असते, ताट जातं टीपॉयवर आणि तिथेच राहतं. तेव्हा टीपॉयवर काहीही नको. ‘आत्ता दोन मिनिटांत उचलते’ असंही नको.

का, तर त्यातल्या मनुका. मनुका, बेदाणे, द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी याचा संशय टार्टारिक आम्लावर घेतला. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, त्यामुळे चिंचेचा कोळ घातलेलं कालवणही त्याला नको. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसरा थोडक्यावर आजारी पडतो. म्हणून ‘दोनच तर खाल्ल्या’ म्हणून बसून राहू नका. डॉक्टर पहिल्या दोनेक तासांत उलटी करवू शकले तर बरंच काही वाचतं. मूत्रपिंडांचा त्रास दिसायला एक-दोन दिवस जातात, आणि तोवर उशीर झालेला असतो. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्यानेही कुत्रे दगावतात.

दुसरं काम आजच करा. २४ च्या रात्री फोन उचलेल असा पशुवैद्य शोधून, आधी बोलून, नंबर फ्रिजवर चिकटवा. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा फोन बंद होता. मुलं सासूबाईंकडे टाकली, यांनी मागच्या सीटवर टायगरला धरलं आणि मी नाताळच्या साडीत गाडी हाणली. तिसऱ्या ठिकाणी दार उघडलं. उलटी करवली, दोन दिवस सलाइन, तीन वेळा रक्त तपासलं. वाचला. पण ती रात्र पुन्हा नको.

झाडाचं. भिंतीतल्या खिळ्याला दोरीने बांधा, कारण मनी चढणार आणि धाकटी ओढणार. खालच्या दोन हातांत फुटेल असं काही लावू नका. चमचमत्या झिरमिळ्या मांजर असलेल्या घरात आणूच नयेत. ती गिळते, धागा आतड्यात अडकतो, आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि शस्त्रक्रिया करावी लागते. मागून टोक लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही, तसंच न्यायचं. लाल पानांच्या पॉइनसेटियाला लोक उगाच घाबरतात. त्याने फार तर तोंड चुरचुरतं, एखादी उलटी होते. खरी भीती लिलीची. मांजराने नुसते अंगाला लागलेले परागकण चाटले तरी मूत्रपिंडं जातात. कुणी लिलीचा गुच्छ आणला तर गोड बोला आणि बाहेर ठेवा.

येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी नाचणी आठ-दहा दिवस आधी पेरा, थोरल्याला पाणी घालायला लावा. बाळाची मूर्ती २४ च्या रात्री ठेवायची, तोवर गव्हाणीतल्या गवतावर मनी झोपते. झोपू दे. पण पाण्यात फुगणाऱ्या रंगीत गोळ्या गोठ्यातल्या तळ्यात घालू नका. मुलाने गिळली तर पोटात फुगते आणि आतडं अडतं. दिव्यांच्या माळा, गाणारी कार्डं, लुकलुकणारे तारे यांतले बटणासारखे सेल त्याहून वाईट. घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. झाकणाला स्क्रू नसेल तर ती वस्तू घरात नको. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल.

२४ ची संध्याकाळ. कुत्र्याला अंधार पडायच्या आत फिरवून आणा, गळपट्ट्यावर फोन नंबर हवा, फटाके सुरू झाले की तो पळतो. आतली खोली, खिडक्या बंद, पंखा चालू. मुलांची स्वेटरं. निघताना दोघांपैकी एकाने घरभर फिरायचं, आणि कुणी फिरायचं हे आधीच ठरवा. ‘मला वाटलं तू बघितलंस’ हे वाक्य आमच्या घरात आता कुणी उच्चारत नाही. शेवटचं बघायचं ते टीपॉय.

२५ ला पाहुणे. फाटक लावा. कुत्र्याला शिजलेली हाडं नाहीत, चॉकलेट नाही, ‘शुगर फ्री’ काहीच नाही, त्यात झायलिटॉल असू शकतं, साखरेऐवजी घालतात ते, कुत्र्याला विषारी. धाकटी आपल्या हातातलं निम्मं टायगरला भरवते, तिच्या हातात केक द्यायचा तर तिला मांडीवर घेऊनच.

पुढचं काय, उरकायचं. ३१ ला पुन्हा फटाके, पुन्हा तीच खोली. तीन राजांचा सण झाला की ६ जानेवारीनंतर झाड-गोठा काढा, सेल मोजून डब्यात भरा, झाडून घ्या. सोफ्याखालीही झाडा, आम्हाला तिथे फेब्रुवारीत नाताळच्या फराळातलं एक तळलेलं कुलकुल सापडलं.

आणि केक नंतरही येतच राहतात. टीपॉय.